डाव्या बुटाचं भोक

माझ्या डाव्या सेफ्टी बुटाला मी स्वतःच्या हातानं भोक पाडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, स्टोअरचं दार लावून, ब्लेडनं. अंगठ्याच्या बुडाशी हाड जिथं बाहेर आलं होतं, बरोब्बर तिथं. वर काळी चिकटपट्टी आणि पट्टीवर बूटपॉलिश. सहा महिने कुणाच्या बापाला कळलं नाही. मी स्वतःला लय शहाणी समजत होते.

हे लिहितेय ते असल्याच शहाण्या बायकांसाठी. अंगठा शेजारच्या बोटाकडं कलत जातो, बुडाशी हाड वर येतं, लाल होतं, ठणकतं, आणि आपण म्हणतो, चाललंय की. चाललेलं नसतं. मला विचारा.

मी शोभा. सांगलीत राहते आणि कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात काम करते. पाण्याच्या पंपाचे भाग बनवतो आम्ही. एकोणीस वर्षांपूर्वी पॅकिंगला लागले, मग तपासणीला गेले, आणि गेली चार वर्षं लेथच्या लाईनची सुपरवायझर आहे. हाताखाली चौदा माणसं, सगळे बाप्ये. पहिल्या महिन्यात त्यातले निम्मे माझ्याशी बोलत नव्हते. लाईनवर सगळ्यांत जुने महादूअण्णा, त्यांनी तर तोंडावर सांगितलं होतं, “ताई, तुमी चांगल्या हाय, पर ही लाईन बाईमाणसाची न्हवं.” आता तेच अण्णा मला विचारल्याशिवाय टूल बदलत नाहीत. ही जागा मला कुणी ओवाळून दिलेली नाही. आठ-आठ तास पायावर उभी राहून मिळवलीय. आणि तोच पाय उलटला.

पट्टी सुटली

श्रावणात आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं तपासणीला आली. लाईनवर फिरताना त्यातला एक चष्मेवाला थांबला, वाकला आणि माझ्या पायाकडं बघत राहिला. घामानं पट्टी सुटून लोंबत होती आणि भोकातून माझा मोजा बाहेर डोकावत होता.

“मॅडम, हे काय आहे?”

चौदा माणसं बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी दिवसभर दुसऱ्यांना ओरडणार, चष्मा घाल, फिरत्या लेथवर हातमोजे काढ, बूट बांध, आणि माझ्याच बुटाला भोक!

ती माणसं गेल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आमचे मालक वाईट माणूस नाहीत, पण धंदा त्यांचाही आहेच. म्हणाले, “शोभाताई, संक्रांतीनंतर ते परत येणार आहेत. तोवर तुमच्या पायात धड सेफ्टी बूट असला तर लाईन तुमची. नाहीतर मला तुम्हाला स्टोअरमध्ये बसवावं लागेल. खुर्चीवर. त्रास पण नाही तुम्हाला.”

खुर्चीवर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आले आणि कुणाशी न बोलता भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.

हा पीस मी पास केला नसता

माझा थोरला भाऊ साताऱ्याला असतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला, पण घरात अजून ड्यूटीवरच आहे. मी फोनवर रडले तर म्हणाला, “रोना बंद. उद्याची गाडी पकड. इथं एक हाडाच्या डॉक्टरीणबाई हायत, माझा गुडघा त्यांनीच सरळ केलाय.”

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी मला अनवाणी उभं केलं आणि अंगठा जमिनीवर दाबायला सांगितला. मी जोर लावला, दात-ओठ खाल्ले, पण अंगठा ढिम्म.

“किती वर्षं दुखतंय?”

“दोन-तीन.”

“झूट,” मागून दादा म्हणाला. “दस साल.”

खरं होतं. दहा वर्षांत मी काय काय केलं नाही? निरगुडीचा शेक, मिठाचं गरम पाणी, दोन बोटांत कापसाचा बोळा, कुणी सांगितलं म्हणून रुईचं पान. हाड वाढतच गेलं.

मग त्यांनी एक्स-रे लावला. आता मला एक्स-रे कळत नाही, पण ड्रॉइंग कळतं. पायाचं लांब हाड एकीकडं, अंगठा दुसरीकडं, आणि मधे तो कोन. आमच्याकडं अर्धा अंश इकडं-तिकडं झाला तरी माल बाजूला काढतो.

“हा पीस मी पास केला नसता,” मी म्हणाले.

बाई हसल्या. “मीही नाही करणार. हाड कापायचं, सरकवून रेषेत आणायचं आणि दोन स्क्रूंनी धरायचं.”

“स्क्रू कशाचे?”

“टायटॅनियमचे.”

“आणि परत काढायचे?”

“त्यांनी त्रास दिला नाही तर राहू द्यायचे.”

तोंडानं मी हे प्रश्न विचारत होते, पण डावा पाय केव्हाच खुर्चीखाली ओढून घेतला होता. हाड कापायचं म्हणजे! आमच्या गल्लीत सगळ्यांचं ठरलेलं मत, पायाला सुरी लावली की बाई बसली. आणि बसायचंच असेल तर स्टोअरची खुर्ची काय वाईट?

“सेफ्टी बूट कधी घालता येईल?” मी विचारलं. मला फक्त तेवढंच हवं होतं.

“चार महिने धरा. तीन महिन्यांच्या आत माझ्याकडं विषयसुद्धा काढू नका. आणि शोभाताई, यात माझं काम तासाभराचं आहे. उरलेले चार महिने तुमचे.”

बोटांवर महिने मोजले. गणपती गेले की लगेच केलं तर संक्रांत कशीबशी गाठता येत होती. बाईंची डायरी उघडली तर तेच दिवस मोकळे. पितृपक्ष ना! पितृपक्षात कोण स्वतःहून ऑपरेशनची तारीख घेतंय? मी घेतली.

आत्याबाई आणि जोडवी

घरी सांगितलं तेव्हा खरी परीक्षा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. वय ब्याऐंशी, जीभ अजून विशीतली. त्या म्हणाल्या, “पितरांच्या पंधरवड्यात? तुला दुसरा म्हयना न्हाई गावला?”

आमचे हे मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतात. ते म्हणाले, “आणि बाबांचं श्राद्ध? तू नसशील तर पान कोण वाढणार?” सासऱ्यांची तिथी त्याच पंधरवड्यात.

“तुम्ही,” मी म्हणाले. बत्तीस वर्षांच्या संसारात मी असं कधी बोलले नव्हते.

साताऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, अंगावर धातूचं काही नको. मंगळसूत्र सहज निघालं, पण डाव्या पायाचं जोडवं? लग्नात घातलेलं, आणि अंगठ्यानं त्या बोटाला असं चेपलेलं की ते जोडवं मांसातच बसलेलं. मी साबण लावून ओढत होते, बोट लालबुंद झालेलं. तेवढ्यात आत्या आल्या. मला वाटलं, आता सवाष्णीनं जोडवी काढायची नसतात यावर कीर्तन होणार.

त्या खाली बसल्या. माझा पाय मांडीवर घेतला. सासूनं! खोबरेल लावलं, बोटाला शिवणाचा दोरा गच्च गुंडाळला आणि एक-एक वेढा सोडवत जोडवं वर सरकवत आणलं. दोन्ही जोडवी पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाल्या, “पाय असला तर जोडवं. माघारी आलीस की मीच घालीन. आता रडू नगंस, नाक पूस.”

कूलंट

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि जे सांगणार आहे त्यानं घाबरू नका. पाठीत सुई दिली. कमरेखालचं माझं राहिलंच नाही. मधे हिरवा पडदा. दिसत काही नव्हतं, पण ऐकू येत होतं. आणि मी काय ऐकलं असेल? ड्रिल. एकोणीस वर्षं ज्या आवाजात मी डबा खाल्ला तोच आवाज, जरा बारीक. त्या आवाजानं बाकीच्यांना घाम फुटत असेल, मला खरं सांगू, धीर आला. ओळखीचं कुणीतरी खोलीत आहे असं वाटलं.

“बाई, ड्रिलवर कूलंट, म्हणजे गार पाणी सोडताय ना?” मी विचारलं. “हाड तापंल.”

पडद्यापलीकडं सगळे हसले. “सोडलंय हो, सुपरवायझर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “झोपा आता.”

संध्याकाळी सुईचा अंमल उतरला आणि मग मात्र मी हसले नाही. पाय कुणी पाटा-वरवंट्यात धरलाय असं दुखत होतं. आई गं, आई गं, एवढंच तोंडात. सलाईनमधून औषध दिल्यावर तासाभरानं उतरलं. हे मी लपवत नाही, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला वाटलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं. पहिले दोन दिवस तसंच असतं. दुखायच्या आधी गोळी मागा, दुखल्यावर नको.

दुसऱ्या दिवशी टाचेवर उभं केलं. कडक, सपाट तळव्याची एक चप्पल दिली. तिच्यात पायाचा चवडा वाकत नाही, सगळा भार टाचेवर. “दीड महिना ही चप्पल पायात नसेल तर पाऊल टाकायचं नाही,” बाईंनी सांगितलं. “अंघोळीला जातानासुद्धा. एक पाऊलसुद्धा.”

मी मान हलवली.

पाय ऊपर!

पुढचे पंधरा दिवस दादाच्या घरी. दादानं भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. सहाला चहा, सव्वासहाला गोळी, साडेसहाला पाय चार उशांवर. पाय जरा खाली आला की हॉलमधून गर्जना, “पाय ऊपर!” शेजारच्यांनाही पाठ झालं. एकदा वहिनीच पोळी लाटताना सवयीनं ओरडली, “पाय ऊपर!” आणि तिघंही हसून बेजार झालो. वहिनीनं मला पंधरा दिवस ताट हातात दिलं, केस धुऊन दिले, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तिचं ऋण कधी फिटायचं नाही.

सगळंच गोड नव्हतं. श्राद्धाच्या दिवशी ह्यांचा फोन आला. खीर करपली होती, आत्या भोवळ येऊन बसल्या होत्या, भटजी उशिरा आले होते. ह्यांचा आवाज चढला. “एका बुटापायी सगळं घर वेठीला धरलंस तू. चाळीस माणसांत एक बाई कमी झाली तर कारखाना बंद पडतोय का?”

मी फोन ठेवला. खरं सांगते, त्या दिवशी पायापेक्षा ते जास्त दुखलं. एका बुटापायी. एवढंच होतं का ते? उशीत तोंड घालून रडले, आणि दादा पहिल्यांदाच ओरडला नाही. माझा खाली आलेला पाय त्यानं गुपचूप उचलून उशीवर ठेवला.

दोन आठवड्यांनी टाके काढले. पट्टी सुटली, आणि मी बघितलं. निळाजांभळा, सुजलेला, टाक्यांच्या खुणांचा, पण सरळ! दहा वर्षांनी माझा अंगठा समोर बघत होता. “बाई, पास,” मी म्हणाले, आणि भोकाड पसरलं.

बारा पावलं

आता माझी गाढवपणाची गोष्ट. ही लिहिताना अजून कान गरम होतात.

सांगलीला परत आले ती नवरात्रात. खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी सगळा कारखाना पाण्यानं धुतात, लोखंडाचा कीस काढतात, लेथला हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आणि सगळ्यांत जुन्या लेथपुढं नारळ लाईनच्या सुपरवायझरनं फोडायचा. चार वर्षं मी फोडत होते. यंदा दुसऱ्या कुणी फोडला तर? मला वाटलं, नारळ गेला की जागा गेली.

ह्यांनी रिक्षानं सोडलं. कुबडी, आणि पायात ती सपाट चप्पल. लाईनच्या दाराशी सगळ्यांच्या चपला ओळीनं काढलेल्या. मी थबकले.

महादूअण्णा म्हणाले, “ताई, तुमी तशाच या. तुमचं औषधाचं हाय, देवीला कळतंय.”

“मशीनपुढं चप्पल घालून?” मी म्हणाले. “एकोणीस वर्षांत नाही केलं ते आज करू?”

आणि काढली. कुणी सक्ती केली नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. मीच. ज्या पायासाठी एवढं केलं, तोच पाय उघडा करून पूजेच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर ठेवला. टाचेवर टाचेवर बारा पावलं गेले. नारळ फोडला, एका फटक्यात, टाळ्या पडल्या. आणि वळताना टाच घसरली. सगळं अंग डाव्या चवड्यावर आलं. आत काहीतरी कट् झालं. आवाज कुणाला आला नसेल, मला आला.

मी हसत हसत प्रसाद वाटला. हसत हसत! घरी येऊन पाय चादरीखाली घातला आणि कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळपर्यंत अंगठा वांग्याएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याची पानं घेऊन आत्या माझ्या खोलीत आल्या. मी वाकून नमस्कार करायला उठले, आणि डावी टाचही टेकवता येईना. आत्यांनी चादर ओढली.

“कवा झालं ह्ये?”

सांगितलं. वाटलं, निदान यावर तरी त्या माझ्या बाजूनं बोलतील. देवाधर्माच्या त्या पक्क्या. पण असा पट्टा सुटला म्हणता!

“देवी काय तुझ्या पायातलं बघत बसलीया व्हय गं? तिला डोळं हायत, अक्कल हाय. तुला न्हाई! म्या तुझी जोडवी उतरली ती हेच्यासाठी? सवाशिणीचं जोडवं काढाय चालतं, आन् तुला चप्पल काढू नगं म्हनलं तर चालत न्हाई?”

ह्यांनी त्याच वेळी शेजाऱ्यांची गाडी मागितली. आम्ही दोघं साताऱ्याला निघालो. कराडच्या पुढं आल्यावर हे समोर बघतच म्हणाले, “त्या दिवशी फोनवर बोललो ते चुकलं. बुटापायी नाही ते. मला माहितीय कशापायी आहे ते.” मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे पुसायला हात उचलला असता तर त्यांना दिसलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला आणि पट्टीनं कोन मापला. माझा जीव टांगणीला. स्टोअरची खुर्ची मला डोळ्यांपुढं दिसायला लागली, गादीसकट.

“एक केसभर सरकलंय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण स्क्रूनं धरलंय. तुमचं नशीब, माझं ड्रिलिंग चांगलं होतं.” मग खुर्ची जवळ घेतली. “शोभाताई, नवीन मशीन बसवता तेव्हा खालचं काँक्रीट सुकायच्या आधी ते चालू करता का?”

“नाही.”

“किती दिवस पाणी मारता?”

“तीन आठवडे.”

“मग हाडाला तीन आठवडे जास्त द्या. काँक्रीटपेक्षा हाड मोठं असेल ना?”

मान खाली घालून ‘हो’ म्हणाले. चौदा माणसांना शिस्त लावणारी मी, एका पोरसवदा बाईपुढं शाळेतल्यासारखी बसले होते. ते माझ्या लायकीचंच होतं.

गोट्या

त्यानंतर मी चप्पल सोडली नाही. दिवाळीत दारात रांगोळी घातली नाही, फराळ बसून केला, ओवाळताना दादाला म्हणाले तूच खाली बस, मी उठणार नाही. चप्पल एकदाची गेली तेव्हा वाटलं सुटले. कसली सुटतेय! अंगठा सरळ होता, पण लाकडासारखा. वाकेचना. बाईंनी व्यायाम दिले. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी गोळा करायचा. दहा गोट्या पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकायच्या. पहिल्या दिवशी एकही उचलली नाही. दुसऱ्या दिवशी एक, तीही वाटीच्या बाहेर.

एका दुपारी मी चिडून वाटी फेकली. गोट्या सगळीकडं. आत्या समोर पोथी वाचत होत्या. त्यांनी लुगडं घोट्यापर्यंत वर केलं आणि पायानं एक गोटी उचलायला लागल्या. मी त्यांचे पाय त्या दिवशी नीट बघितले. रोज पाया पडते, पण बघितले नव्हते. दोन्ही अंगठे बोटांवर चढलेले, माझ्यापेक्षा दुप्पट हाडं. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या, घमेली वाहिली, आणि या घरात मी कधी एक ‘आई गं’ ऐकलं नाही.

“आत्या, दुखत नाही?”

“दुखतंय की,” त्या म्हणाल्या. “पर इचारलं कुनी? तू उचल. माझ्या वाटची पन उचल.”

त्या दिवशी मी तीन उचलल्या.

व्रण मऊ व्हावा म्हणून रोज तेल लावून चोळायचा होता. माझा हात नीट पोचत नसे. एका संध्याकाळी हे दुकानातून आले, हात धुतले, खाली बसले आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी पाय ओढला. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? आणि समोर आत्या बसलेल्या! आता काय होतंय म्हणून मी डोळेच मिटले.

आत्यांनी जपमाळेवरून नजर वर केली. “जरा जोर लाव रं,” त्या लेकाला म्हणाल्या. “मोटार घासतुयास का पाय चोळतुयास?”

हे रोज चोळायला लागले. वायर गुंडाळून गुंडाळून त्यांच्या बोटांना नेमकी ताकद कळते. मार्गशीर्षात अंगठा वाकायला लागला. आधी तिळाएवढा, मग खरंच वाकला. एक दिवस दहाच्या दहा गोट्या वाटीत. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की हे जेवण सोडून पळत आले.

जी कुणी या टप्प्यावर असेल तिला सांगते. ऑपरेशन अवघड नाही. ही गोट्यांची दुपार अवघड असते. तेव्हा कुणीतरी समोर बसवून ठेवा, चिडकं असलं तरी चालेल.

संक्रांत

संक्रांतीला हळदीकुंकवाच्या आधी आत्यांनी मला पाटावर बसवलं. पदराची गाठ सोडली. चार महिने त्यांनी ती प्रत्येक लुगड्याला नव्यानं बांधली होती. जोडवी चिंचेनं घासून लख्ख केलेली. डावं जोडवं बोटात असं गेलं, जसं लग्नात गेलं होतं. मग त्या म्हणाल्या, “आता त्ये तुझं लोखंडाचं आन.”

ह्यांनी खोकं आणून ठेवलं. नवा सेफ्टी बूट, डॉक्टरीणबाईंनी होकार दिल्यावर आणलेला, रुंद पंज्याचा. मी डावा पाय घातला. आत गेला. टाच बसली. अंगठा हलवून बघितला, तर त्याला पुढं जागा होती! लेस बांधली, उभी राहिले, चवड्यावर भार दिला. थोडं ओढल्यासारखं झालं, पण दुखलं नाही. हिरव्या साडीवर काळे बूट घालून मी सगळ्या घरात फिरले, स्वयंपाकघर, माजघर, अंगण, परत स्वयंपाकघर. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघत राहिल्या. बघू देत!

पुढच्या आठवड्यात मी लाईनवर गेले. तपासणीची माणसं त्याच दिवशी येणार होती. तोच चष्मेवाला. त्यानं आल्या आल्या काय करावं? माझ्या पायाकडं बघितलं. मी डावा पाय पुढं केला.

“बघा, नीट बघा. पाहिजे तर वाकून बघा.”

तो ओशाळून हसला. दोन तास मी त्याच्याबरोबर फिरले, एकदाही भिंतीला टेकले नाही. जाताना त्यानं साहेबांना सांगितलं की लाईन चांगली आहे. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, “शोभाताई, स्टोअरला मी दुसरा माणूस बघतो.” एवढंच. पण मला तेवढंच हवं होतं. मी उगाच एक पीस उचलून मापायला लागले.

तेवढ्यात वर लक्ष गेलं. लाईनच्या दाराच्या चौकटीवर लिंबू-मिरची असते, तिच्याशेजारी काहीतरी काळं लोंबत होतं. तारेनं बांधलेला बूट. डावा. बाजूला ब्लेडनं पाडलेलं भोक.

“अण्णा, हा इथं कुणी लावला? मी तर फेकून दिला होता.”

महादूअण्णा हात पुसत आले. “म्या लावला. तुमी ऑपरेशनला गेल्या त्याच दिशी. खंडेनवमीला झेंडूच्या माळंआड दडला हुता. नवं घर असलं, टेम्पो असला की दृष्ट लागू नये म्हनून जुना जोडा बांधत्यात ना? तुमची जागा मोकळी दिसत होती. लय जणांचा डोळा हुता तिच्यावर.” मग जरा खाली बघून म्हणाले, “ही लाईन बाईमाणसाची न्हवं असं म्या म्हनलो हुतो. त्ये चुकलं, ताई.”

चौदाच्या चौदा माणसं मशीन बंद ठेवून माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. मी बुटाकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं. दोन्ही सरळ, दोन्ही जमिनीवर.

“बघत काय उभे राहिलाय?” मी म्हणाले. “लाईन चालू करा.”